पर्यावरणाचा कोर्स पहिल्यांदा शिकवताना

पहिल्याच सत्रात नदी, कचरा, वीज, झाडं असं सगळं हातात घेऊ नका. एकच प्रश्न निवडा, विद्यार्थ्यांना चालत जाऊन पाहता येईल असा. जवळ ओढा असेल तर उत्तम. पाण्याचं तापमान, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन मोजायला लावा, पण दर वेळी त्याच जागी आणि त्याच वेळेला. पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री नुसता वापरतात. एका आठवड्यात पहाटे आणि पुढच्या आठवड्यात दुपारी मोजलंत, तर मुलं ओढा सुधारला असं समजतील.

चिंतनाची वही ओढ्यावर जाऊन आल्याच्या दिवशीच संध्याकाळी लिहून घ्या. उशिरा लिहिलेलं बहुतेकदा भाषण होतं. काय दिसलं, कशाचं आश्चर्य वाटलं, आपलं कोणतं मत डळमळलं, एवढं पुरे. आणि कृपा करून भावनेला गुण देऊ नका. निरीक्षणातून विचार कसा पुढे सरकला, त्याला द्या.

कृती म्हणजे शेवटची शोभा नव्हे. युनेस्कोने १९७७मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीत भरवलेल्या परिषदेनेही जाणीव आणि ज्ञानाबरोबर सहभाग हे पर्यावरण शिक्षणाचं उद्दिष्ट मानलं होतं. मात्र काय करायचं हे वर्गात ठरवण्याआधी ओढ्याकाठी राहणाऱ्यांशी बोला. सत्र संपल्यावर नोंदी कोण पुढे चालवणार, हेही तेव्हाच विचारून घ्या.