बिब्बा घालणे: पण बिब्बाच का?

प्रश्न असा आहे: 'जमलेल्या लग्नात बिब्बा घातला' म्हणतात, पण बिब्बा तर औषधी फळ, आजीच्या बटव्यातलं. मग त्याची ही बदनामी का?

औषधी आहेच, पण महाजहाल. माझी आजी बिब्बा सुईला टोचून समईच्या ज्योतीवर धरायची. पेटते थेंब चुर्र करत दुधाच्या वाटीत पडायचे. त्याआधी ती स्वतःच्या बोटांना खोबरेल चोपडायची आणि आम्हा पोरांना लांब बसवायची. कारण तेल अंगाला लागलं की बिब्बा 'उततो': खाज, सूज, पाण्याने टरारलेले फोड. बिब्ब्याचं, म्हणजे संस्कृतातल्या भल्लातकाचं, एक नाव 'अरुष्कर', म्हणजे व्रण करणारा. चरकसंहिता त्याला आगीसारखा म्हणते आणि विधिपूर्वक वापरला तर अमृतासारखाही. वैद्य तो आधी विटेच्या चुऱ्यात घासून शुद्ध करतात. (घरी प्रयोग नकोत!)

करामत फळाच्या सालीतल्या तेलाची. त्यात भिलावनॉल नावाची कॅटेकॉल गटातली द्रव्यं असतात. ती कातडीत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि मग आपलीच प्रतिकारशक्ती त्या जागेवर तुटून पडते. त्यामुळे फोड बहुधा लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. माझ्या मते वाक्प्रचाराची खुमारी इथेच आहे. बिब्बा घालणारा मांडवाच्या दारात दोन शब्द पुटपुटून चहा पिऊन जातो. बोलणी फिसकटतात ती चार दिवसांनी.

म्हणून 'खोडा घालणे' वेगळं. खोडा समोर दिसतो, वाट अडवतो. बिब्बा आतून नासवतो. 'पावसाने सामन्यात बिब्बा घातला' हे मला खटकतं; पाऊस काय कानाशी लागतो?

शिवाय डाग. धोबी याच रसात चुना मिसळून कपड्यांवर खुणा करत, त्या धुऊन जात नसत. झाडाच्या शास्त्रीय नावातलं 'सेमेकार्पस' म्हणजे खुणेचं फळ. 'अ‍ॅनाकार्डियम' हे नाव तर मूळ बिब्ब्याचंच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते बिब्ब्याच्या भाऊबंदाला, काजूला दिलं.

बिबा, बिब्बा, बिबवा ही तिन्ही रूपं चालतात. बोलताना मात्र 'बिब्बा'च घातला जातो, त्या जोडाक्षराशिवाय ठसका येत नाही. आतल्या गराला गोडंबी म्हणतात आणि ती डिंकाच्या लाडवात घालतात.