हसले, की माझ्यावर हसले?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत दर्जा तपासणीला आहे. सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या वाळूत, ओल जास्त झाली की कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या पडतात. मला ते दिसतं, रजिस्टरला नोंदही असते. पण सकाळची मीटिंग कन्नडमध्ये चालते आणि माझं तोंड उघडत नाही. एकदा बोलायला गेलो तर मोल्डिंगचे (साचे करणाऱ्या विभागाचे) सुपरवायझर हसले. तेव्हापासून गप्प बसतो. सगळे म्हणतात दृष्टिकोन बदल. तो बदलायचा कसा?

उत्तर: ‘उद्यापासून घाबरणार नाही’ असं ठरवून तो बदलत नाही. त्यासाठी वही-पेन घेऊन करायचं काम आहे. अमेरिकेत 1950-60च्या दशकांत अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी जी उपचारपद्धती उभी केली, तिचा पाया असा, की घटना वेगळी आणि आपण तिला लावलेला अर्थ वेगळा. भीती बहुतेक वेळा त्या अर्थाची असते.

पान आडवं धरून तीन रकाने पाडा. पहिल्यात फक्त घडलेलं, तेही कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. ‘सुपरवायझर हसले’ हे कॅमेऱ्यात दिसेल. ‘माझ्यावर हसले’ हे दिसणार नाही, ते दुसऱ्या रकान्यात जाईल. ‘खानापूरचा मराठी पोरगा म्हणून हसले’ हेसुद्धा दुसऱ्यातच. तिसऱ्या रकान्यात त्याच हसण्याची आणखी तीन कारणं लिहा आणि त्यातलं एक तरी अगदी रटाळ असू द्या: शेजारच्याने काहीतरी कुजबुजलं असेल, आपल्याच शॉपचं रिजेक्शन निघालं म्हणून ओशाळून हसले असतील, तुमचा एखादा शब्द खरंच चुकला असेल. हो, तेही लिहायचं. तिसरा रकाना गोडगोड झाला की मन तो मानत नाही. इथेच बहुतेकांची वही बंद पडते.

दुसरी चूक वेळेची. रात्री अंथरुणात पडून हे केलं तर तोच प्रसंग डोक्यात फिरत राहतो. संध्याकाळी टेबलाशी बसून पंधरा मिनिटं लिहा आणि वही मिटा. लिहिताना ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने हाक मारा: ‘अमुक, तुला नेमकं कशाचं भय वाटतंय?’ पोरकट वाटेल, पण मिशिगन विद्यापीठाचे इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 साली छापलेल्या प्रयोगांत स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांना चारचौघांत भाषण करण्याचा ताण कमी जाणवला. दुसऱ्याला सल्ला देताना आपलं डोकं जागेवर असतं, त्याचाच हा उपयोग.

वहीने नजर साफ होते. धीर मात्र तोंड उघडल्यावरच येतो. त्यासाठी पायऱ्या पाडा आणि प्रत्येकीला भीतीचे 0 ते 100 गुण द्या. मीटिंगआधी आकड्यांची चिठ्ठी सुपरवायझरांच्या हातात देणं, 30. तीच चिठ्ठी देताना एक वाक्य बोलणं, 45. मीटिंगमध्ये बसूनच एक आकडा सांगणं, 60. उभं राहून कारण सांगणं, 80. सुरुवात तिशीपासून करा. एक पायरी रोज करून तिची भीती निम्म्यावर आली की पुढची. एकदम 80 वर उडी मारणारा पहिल्याच दिवशी तोंडावर आपटतो आणि महिनाभर मागे जातो. आणि वाक्य सुरू केलं की पुरं करूनच बसा. मध्येच थांबलात तर जी सुटका वाटते, तिच्यातूनच भीती पक्की होते.

वाक्य आकड्याचं असू द्या. ‘सँड खराब आहे’ म्हटलं की मोल्डिंगवाल्यांना तो आरोप वाटतो. ‘काल 200 पैकी 18 रिजेक्ट, सगळी सकाळच्या बॅचची, तेव्हा ओल 4.8 टक्के’ यात आरोप कुणावरच नाही. (आकडे नमुन्याचे. ग्रीन सँडची, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूची, ओल साधारण 3 ते 4 टक्क्यांत ठेवतात. त्यापुढे वाफ जास्त होते, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की धातूत पोकळी राहते.) हेच कन्नडमध्ये ‘निन्ने इन्नूररल्लि हदिनेंटु रिजेक्ट’, एवढ्यावर भागतं. समोरचा भरभर बोलला तर ‘स्वल्प निधान हेळ्री’, म्हणजे जरा सावकाश सांगा. ‘माझं कन्नड चांगलं नाही’ ही प्रस्तावना मात्र सोडा. ती ऐकली की लोक आकड्याकडे कमी आणि व्याकरणाकडे जास्त कान देतात.

एवढं करूनही सुपरवायझर हसलेच, तर मीटिंगनंतर सरळ विचारा: ‘साहेब, माझं काही चुकलं काय?’ तिसऱ्या रकान्यातलं कुठलं कारण खरं, ते त्यांच्याच तोंडून कळेल.

प्रश्न: चिकोडीजवळच्या गावात आमचा नऊ जणींचा बचत गट आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतो. कोल्हापूरचा एक दुकानदार दर आठवड्याला मोठी ऑर्डर देतो म्हणतोय. चौघी म्हणतात ‘घेऊया की’, बाकीच्या घाबरतात. माझा जीव दोन्हीकडे ओढतो.

उत्तर: होय-नाहीची चर्चा आठवडाभर बाजूला ठेवा आणि काळाची जागा बदलून बघा. सगळ्या जणी बसा आणि असं धरून चाला की ऑर्डर घेतली, सहा महिने झाले आणि धंदा साफ बुडाला. आता प्रत्येकीने न बोलता सात मिनिटं लिहायचं: का बुडाला? लिहिता येत नसेल तिचं मुलीने लिहून घ्यावं. मग एकेकीने एकेकच कारण वाचायचं, सुरुवात सगळ्यात धाकट्या सुनेपासून. अध्यक्षबाई शेवटी. हा क्रम मोडू नका, कारण थोरली आधी बोलली की बाकीच्या मान डोलावतात. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. ‘काय बिघडेल?’ विचारलं तर लोक आडूनआडून बोलतात. ‘बिघडलंच आहे, का?’ विचारलं की मोकळे होतात. घाबरणाऱ्या जणींना भित्र्या न म्हणवता बोलता येतं, हा मोठा फायदा.

तुमच्या धंद्यात कारणं बहुधा अशी निघतील: पावसाळ्यात भाकरी सादळली, वाटेत तुकडे झाले, दुकानदाराने पैसे महिनाभर लटकवले आणि ज्वारी घ्यायला हातात रक्कम उरली नाही, सुगीत निम्म्या जणी शेतावर गेल्या. प्रत्येक कारणापुढे आत्ताच करता येईल असं एक काम आणि ते करणारीचं नाव लिहा. नाव नसलेलं काम कुणीच करत नाही.

मग ऑर्डरचा चौथा हिस्सा, चार आठवडे, पैसे माल उतरताना. दुकानदाराला हेही पटत नसेल तर त्याची ऑर्डर तेवढी मोठी नव्हती. थांबायची रेषाही आधीच ठरवून गटाच्या वहीत सह्यांसकट लिहा, म्हणजे किती रुपये तोटा झाला की बंद. तोटा होत असताना ही रेषा ठरत नाही. तेव्हा ‘अजून एक आठवडा’ असंच वाटतं.

प्रश्न: ‘सकारात्मक विचार कर’ ऐकून कान किटले. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही. पंधरवडा उलटून गेला.

उत्तर: मग तुम्हाला आमच्या वहीची नाही, डॉक्टरची गरज आहे. अशी अवस्था दोन आठवड्यांवर टिकली तर ती नैराश्याची असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, भाषा निवडता येते. जवळचं मोठं ठिकाण म्हणजे धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर घरातल्या एकाला आजच सांगा आणि त्यांना सोबत घेऊनच जा.

प्रश्न: एका सरकारी कचेरीत माझा मराठी अर्ज परत केला, ‘कन्नडात आणा’ म्हणून. घरचे म्हणतात, दृष्टिकोन बदल, सोडून दे. म्हणजे निमूट सोसायचं का?

उत्तर: नाही. सोसायला शिकवणारा दृष्टिकोन आमच्या कामाचा नाही. ‘हे मला हाकलतात’ हा अर्थ क्षणभर बाजूला ठेवून आधी एवढंच पाहा, की परत आलेला कागद कुठल्या जातीचा होता. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन असेल, म्हणजे रस्ता झाला नाही किंवा रेशन मिळालं नाही असं, तर राज्यघटनेचं कलम 350 तुमच्या बाजूला आहे. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देता येतं. छापील नमुना भरायचा असेल तर या कलमाचा आधार घेता येत नाही. तिथे कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याला बसवून अर्धा तास घालवणं शहाणपणाचं. उत्तर मराठीतच मिळेल असंही हे कलम म्हणत नाही, त्यामुळे तो वाद टेबलावर काढू नका.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. वर विषयाखाली ‘कलम 350 अन्वये’ लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख मागा. घेतच नसतील तर आवाज चढवू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने कार्यालयप्रमुखाच्या नावे पाठवा आणि पावती प्रतीला टाचून ठेवा.