आई-बाबांना घेऊन दहा रात्रींत राजस्थान: कोणती शहरं घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरअखेर डोंबिवलीहून निघायचं, हातात दहा रात्री, बरोबर साठीच्या पुढचे आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात. जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर ही पाचही शहरं बसतील का, क्रम कसा ठेवावा, आणि एक रात्र खऱ्या राजवाड्यात काढावी का?

मी या भागात वारंवार जाते, घरातल्या मोठ्यांना घेऊनही गेले आहे. माझं स्पष्ट मत: जयपूर वगळा. बिकानेरला सुरुवात करा, उदयपूरला संपवा, आणि मधल्या प्रवासाचे दिवस हे प्रवासाचेच दिवस आहेत हे आधीच मान्य करा.

जयपूर वाईट म्हणून वगळायला सांगत नाही. उलट त्याला नीट तीन दिवस हवेत. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये आखून वसवलेलं शहर, जंतरमंतर, आमेर, हे सगळं एका दिवसात उरकायचं तर हवामहल रस्त्याच्या पलीकडून बघून फोटो काढण्यापलीकडे हाती काही लागत नाही. शिवाय मुंबईहून विमानाने जयपूर कुठल्याही लांब सुट्टीत करता येतं. जैसलमेरला तसं सहज जाणं होत नाही. एवढ्या लांब जाणारच आहात, तर वाळवंटाला वेळ द्या.

आता क्रम. या शहरांचा सगळा इतिहास पाण्याभोवती फिरतो, म्हणून मी नेहमी कोरड्या भागातून पाण्याकडे जाणारा रस्ता सुचवते. व्यवहारही त्यात जमतो: लांबचे, दमवणारे पल्ले आधी होतात, आणि आई-बाबा थकतील तेव्हा तुम्ही तलावाकाठी पोचलेले असता.

मुंबईहून रणकपूर एक्सप्रेस थेट बिकानेरला जाते. एक रात्र गाडीत, मग बिकानेरला दोन, जैसलमेरला दोन, जोधपूरला तीन, उदयपूरला दोन, आणि परत येताना उदयपूर ते मुंबई विमान. झाल्या दहा रात्री.

बिकानेर बहुतेक लोक गाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या आईसाठी तर तिथला जुनागढ हाच सगळ्यात सोयीचा किल्ला आहे, कारण तो डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. राजा रायसिंगांनी तो १५८९ ते १५९४ या काळात बांधला. आत जिने आहेत, पण गड चढायचा नाही. अनूप महालातलं उस्ता काम, म्हणजे सोन्याच्या वर्खाचं नक्षीकाम, बघताना घाई करू नका, आणि बादल महालात थोडं थांबा. त्याच्या भिंतींवर निळे ढग आणि पाऊस रंगवलेला आहे. जिथे पाऊस क्वचितच दिसायचा, तिथल्या राजाने आपल्या महालात तो रंगवून घेतला. याच घराण्यातल्या महाराजा गंगासिंगांनी पुढे सतलजचं पाणी कालव्याने आपल्या राज्यात आणलं. तो गंग कालवा १९२७ मध्ये सुरू झाला. जुनागढमध्येच त्यांच्या काळातला दरबार हॉल आहे आणि पहिल्या महायुद्धातलं एक विमानही ठेवलेलं आहे. बाबांना ते नक्की आवडेल.

संध्याकाळी जुन्या शहरात रामपुरिया हवेल्यांच्या गल्लीत चक्कर मारा. लाल दगडाच्या या हवेल्या बाहेरूनच बघायच्या, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. भुजिया घ्या, कचोरी खा. देशनोकचं करणीमातेचं मंदिर सुमारे ३० किलोमीटरवर आहे, पण तिथे उंदीर पायांवरून पळतात. आईला चालणार असेल तरच जा.

राजवाड्यात राहायचं असेल तर तेही इथेच करा. लालगढ पॅलेस आणि त्याचाच भाग असलेला लक्ष्मी निवास ही गंगासिंगांच्या काळातली वास्तू, आराखडा सॅम्युएल स्विंटन जेकब या ब्रिटिश अभियंत्याचा, आणि आज तिथे हॉटेलं आहेत. उदयपूरच्या तलावातल्या हॉटेलात एका रात्रीला जे मोजावं लागतं, त्याच्या कितीतरी कमी पैशांत इथे खऱ्या राजवाड्यात झोपता येतं. मात्र बुकिंगआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर मिळेल का, हीटर आहे का, आणि गरम पाणी किती वाजता येतं. उंच छताच्या दगडी खोल्या डिसेंबरात रात्री बर्फासारख्या गार पडतात, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचाच त्रास सर्वात जास्त होतो. इतर शहरांत ‘हेरिटेज’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलांना इमारत कधीची आहे हेही विचारा. नव्या काँक्रीटला झरोके चिकटवून तेवढेच पैसे घेणारी हॉटेलं भरपूर आहेत.

बिकानेर ते जैसलमेर साधारण ३३० किलोमीटर आहे. हा रस्ता कंटाळवाणा म्हणून लोक तो झोपून काढतात, तुम्ही तसं करू नका. वाटेत फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथे मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हजारो करकोचे उतरतात. स्थानिक त्यांना कुरजां म्हणतात. गावातले लोक पिढ्यान् पिढ्या त्यांना दाणे घालत आले आहेत. बिकानेरहून सकाळी लवकर निघालात तर उन्हं वर येईपर्यंत पोचाल. त्या वेळी पक्षी गावच्या तळ्यांवर असतात. मोठ्यांना गाडीतून उतरून पाय मोकळे करायला याहून चांगली जागा या रस्त्यावर मला माहीत नाही.

जैसलमेरबद्दल एकच विनंती, किल्ल्यात राहू नका. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात, आणि तेच त्याचं वैभव आहे. पण वर्षाला २०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या गावासाठी तो बांधला गेला. नळ आले, हॉटेलांची न्हाणीघरं आली, आणि ते सगळं पाणी किल्ल्याच्या पायातल्या मऊ थरांत मुरायला लागलं. त्यामुळे बुरूज ढासळले आहेत. खाली शहरात, किल्ला दिसेल अशा गच्चीचं हॉटेल घ्या. तुम्हाला तो अधिक चांगला दिसतो आणि त्याच्यावरचा भार तेवढा कमी होतो. वर जायला दसरा चौकापर्यंत रिक्षा मिळते. पुढच्या गल्ल्या अरुंद आणि चढ-उताराच्या आहेत, तेव्हा आईला चौकात चहाला बसवून तुम्ही फिरून या. जैन मंदिरं सकाळीच बघून घ्या, दुपारनंतर प्रवेश मिळेलच असं नाही.

पटवों की हवेली म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी कुटुंबाच्या पाच हवेल्या. आतले जिने उभे आहेत. खालून ते नक्षीकाम बघितलं तरी समाधान होतं. हा पैसा उंटांच्या तांड्यांनी सिंधकडे चालणाऱ्या व्यापारातून आला होता. पुढे मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रामार्गे जायला लागला आणि जैसलमेरचे तांडे थंडावले. मुंबईच्या बाजूने येणाऱ्या माणसाने हे त्या गल्लीत उभं राहून आठवावं असं मला मनापासून वाटतं. सूर्योदयाच्या सुमारास गडीसरला जा. चौदाव्या शतकातला हा तलाव कित्येक शतकं शहराला पाणी पुरवत होता.

कुलधरा हे ओसाड गाव ‘भुताचं गाव’ म्हणून दाखवतात. भुतं राहू द्या. तिथल्या पालीवाल ब्राह्मणांची खडीन पद्धत समजून घ्या: उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी लांब मातीच्या बांधाने अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं आणि त्याच ओलीवर रब्बीचं पीक काढायचं. वाळवंटात गहू आणि हरभरा! या भागात खडीन अजूनही वापरात आहेत. ड्रायव्हरला सांगितलंत तर एखादं चालू खडीन रस्त्यावरून दाखवेल, आणि शेतीशी थोडाही संबंध आलेल्या माणसाला ते सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

वाळूच्या टेकड्या बघायच्याच, पण डिसेंबरअखेर सममध्ये गर्दी आणि स्पीकर दोन्ही असतात. खुरी गावाकडच्या टेकड्या त्यामानाने शांत. आईला उंटावर बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्या हिसक्याने कंबर आणि गुडघे दोन्ही धरतात. उंटगाडी मिळते, ती घ्या. वाळूत जीप उडवण्याचा प्रकार तर घरातल्या कुणीच करू नये.

जैसलमेर ते जोधपूर सुमारे २८० किलोमीटर, रस्ता चांगला. ट्रेनचाही पर्याय आहे. जोधपूरला तीन रात्री का? मेहरानगढसाठी. राव जोधांनी १४५९ मध्ये या खडकावर गड बांधायला घेतला. गडाचं संग्रहालय मी देशात पाहिलेल्या उत्तम संग्रहालयांपैकी एक आहे. प्रवेशाच्या तिकिटाबरोबर लिफ्टचं वेगळं तिकीट काढा, आधी वर जा आणि हळूहळू खाली उतरत या. हिंदी ऑडिओ गाइड जरूर घ्या. पालख्या, हौदे, फूल महाल, तख्त विलास, सगळं त्यात सावकाश सांगितलेलं आहे. लोहा पोल या दरवाजाजवळ सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. गडाच्या पायात जिवंत पुरलेल्या राजाराम मेघवाल यांचं स्मारकही आहे. बहुतेक गट त्याच्यासमोरून न थांबता निघून जातात. तुम्ही थांबा. गड कुणाच्या जिवावर उभा राहतो हे मुलांनाही आणि मोठ्यांनाही तिथेच कळतं.

गडाच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर ही तळी आहेत, शहरात अठराव्या शतकातली तूरजी का झालरा ही देखणी बारव आहे. उमेद भवन हा १९२९ ते १९४३ या काळात दुष्काळी कामाच्या निमित्ताने उभा राहिलेला प्रचंड राजवाडा. पण आपल्याला फक्त संग्रहालयाचा भाग बघायला मिळतो, तासाभरात होतो. मिरची वडा आणि मखनिया लस्सी यांना जास्त वेळ द्या.

तिसरा दिवस मी नागौरसाठी राखून ठेवायला सांगेन. जोधपूरहून साधारण १४० किलोमीटर, जाऊन येऊन एक दिवस. राणोजी शिंद्यांचे पुत्र जयाप्पा शिंदे यांनी जोधपूरच्या विजयसिंहाला याच नागौरच्या किल्ल्यात कोंडून वेढा घातला होता, आणि जुलै १७५५ मध्ये वाटाघाटीच्या मिषाने आलेल्या मारेकऱ्यांनी जवळच ताऊसर इथल्या छावणीत त्यांची हत्या केली. त्यांचे धाकटे भाऊ दत्ताजी यांनी वेढा तसाच चालू ठेवला. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. आपण पानिपताबद्दल इतकं बोलतो, पण त्याआधीची ही सहा वर्षं बहुतेकांच्या कानावरही आलेली नसतात. राजपुतान्यात मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण फारशी गोड नाही, तीही बाजू तिथे ऐकून घ्यावी. किल्लाही सुंदर आहे: अहिछत्रगडाची, म्हणजे नागौरच्या या किल्ल्याची, डागडुजी इतकी काळजीने झाली आहे की त्याला २००२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. महालांमधून पाणी खेळवणारे पाट आणि हौद तिथे नीट बघता येतात. आई-बाबा दमले असतील तर मात्र नागौर सोडा आणि तो दिवस विश्रांतीला द्या.

जोधपूरहून उदयपूरला जाताना रणकपूरवरून जा. पंधराव्या शतकातलं संगमरवरी जैन मंदिर, १४४४ खांब सांगितले जातात. पूजेसाठी न येणाऱ्या पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश असतो, म्हणून जोधपूरहून न्याहारी करून निवांत निघा. चामड्याचे पट्टे, पाकिटं गाडीतच ठेवा. कुंभलगढ किल्ला नकाशावर जवळ दिसतो, पण चढ खडा आहे. या वेळी सोडून द्या.

उदयपूरला फार बेत आखू नका. सिटी पॅलेस सकाळी दार उघडताच गाठा. आतला रस्ता एकाच दिशेने जातो, जिने अरुंद, आणि गर्दीत अडकलं की आईला मागे फिरता येत नाही. त्यानंतर पिछोला तलावात नौका, आणि संध्याकाळी बागोर की हवेलीतला नाच. बास.

गाडी जोधपूरची ठरवा, बिकानेरला बोलावून घ्या आणि उदयपूरला सोडा. ड्रायव्हरच्या रिकाम्या फेरीचे पैसे गाडी कुठूनही घेतलीत तरी मोजावे लागतात, पण जोधपूर मध्यावर असल्याने ते कमी पडतात. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता धरून लेखी दर घ्या. सात आसनी गाडी घेतलीत तर आईला पाय लांब करता येतील.

शेवटचा मुद्दा तारखांचा. २४ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात ही चारही शहरं ओसंडून वाहतात आणि खोल्यांचे दर चढतात. सुट्टी हलवता येत असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघा. थंडी तेवढीच, गर्दी बरीच कमी. नसेल हलवता येत तर आधी जैसलमेरची खोली धरा, मग बाकीची. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; खालचे बर्थ हवे असतील तर त्याच दिवशी सकाळी तिकीट काढा.