राहता मजला पाहिल्याशिवाय होकार देऊ नका

प्रश्न : माझा मुलगा 34 वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आणि बौद्धिक अपंगत्व आहे. तो बोलत नाही. माझे वय 68 असून यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मी नुकत्याच दोन निवासी संस्था पाहिल्या. पहिलीची इमारत नवी आहे, मजल्यामजल्यावर कॅमेरे आहेत आणि भिंतीवर प्रमाणपत्रे लावलेली आहेत. मात्र पालकांनी तळमजल्यावरच्या भेटीच्या खोलीतच बसावे, असा तिथला नियम आहे. दुसरी संस्था एका जुन्या घरात असून तिथे बारा जण राहतात. नातेवाईकांचा आग्रह पहिलीचा आहे. दर्जा कसा ओळखावा? आणि मी त्याला टाकते आहे, असे तर होणार नाही ना?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आपण ओघात सांगितलेल्या भेटीच्या खोलीच्या नियमापासूनच मी सुरुवात करते, कारण मला तो सर्वांत जास्त खटकला.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे 24 खाटांचे खासगी रुग्णालय होते. आपल्या मुलासारखी प्रौढ माणसे तिथे ठेवली जात आणि प्रत्येकामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी पैशांतून दिले जात. नोंदणी होती, तपासण्याही झाल्या होत्या. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने केलेल्या तक्रारींची दखल कोणी घेतली नाही. अखेर मे 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली मारहाण आणि छळ लोकांसमोर आणला, तेव्हा ते बंद झाले. 11 कर्मचारी दोषी ठरले आणि त्यांतील सहा जणांना तुरुंगवास झाला. पुढच्या चौकशीत जे पुढे आले त्यात एक गोष्ट अशी होती की, भेटीला येणाऱ्या नातेवाईकांना राहत्या भागात जाऊ दिले जात नव्हते. आठ वर्षांनी, 2019 मध्ये, डरहॅम परगण्यातील व्हॉर्लटन हॉलमध्येही असाच छळ उघडकीला आला आणि त्या ठिकाणाला तर अशा संस्थांची तपासणी करणाऱ्या तिथल्या नियामक आयोगाने ‘चांगले’ असा शेरा दिलेला होता.

आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार अशा संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र जरूर मागा, त्याची मुदत तपासा. पण ही केवळ पहिली पायरी समजा. कॅमेऱ्यांचेही तसेच आहे. त्यांतील चित्रण कोण पाहते आणि आपल्याला ते पाहता येईल का, हे विचारल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

पुन्हा जाल तेव्हा न कळवता, संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास जा, कारण जेवणाची आणि झोपण्याची वेळ ही कोणत्याही संस्थेची खरी परीक्षा असते. रात्री किती मावशी आणि दादा कामावर असतात आणि त्यांतले किती जण दोन वर्षांहून अधिक काळ टिकले आहेत, हे विचारा. प्रत्येकाचे कपाट आणि कपडे स्वतःचे आहेत, की धुऊन आलेल्या ढिगातून हाताला येईल तो शर्ट चढवला जातो, हे पाहा. न्हाणीघराला आतून कडी आहे का, भरवणारी मावशी त्याच्याशी बोलते की त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या मावशीशी, हेही पाहा. तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणणे प्रेमाचे वाटते, पण जिथे सगळ्यांनाच बाळ म्हणतात, तिथे कोणालाच काही विचारले जात नाही, असे मी बरेचदा पाहिले आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र संस्थाचालकांना समोर बसून विचारा : “माझ्या मुलाने अचानक डोके आपटायला सुरुवात केली, तर तुम्ही आधी काय कराल?” न बोलणाऱ्या माणसाची दाढदुखी, कानातला ठणका किंवा चार दिवसांचे बद्धकोष्ठ पुष्कळदा अशाच वागण्यातून बाहेर येते, आणि ‘हा आहेच असा’ म्हणून गोळी वाढवली की दुखणे तसेच राहते आणि माणूस मात्र गुंगीत जातो. हा धोका काल्पनिक नाही. एकट्या इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेले 30 ते 35 हजार प्रौढ योग्य कारणाशिवाय मनोविकारांवरील औषधे घेत असल्याचा अंदाज तिथल्या आरोग्य यंत्रणेने 2015 मध्ये मांडला होता. म्हणून औषधांची नोंदवही मागा, कोणती गोळी कोणत्या कारणासाठी सुरू आहे आणि डॉक्टरांनी तिचा फेरविचार शेवटचा कधी केला, ते तिच्यात दिसले पाहिजे. आपल्या प्रश्नावर “डॉक्टर डोस वाढवतात” असे उत्तर आले, तर तिथून निघा. “घरी तो असे कधी करतो? तेव्हा तुम्ही काय करता?” असे त्यांनीच उलट विचारले, तर अजून थोडा वेळ बसा.

जुने घर आपोआप चांगले ठरत नाही. तिथेही हेच सारे तपासा. पण बारा माणसांच्या घरात कोण आज जेवला नाही, हे लक्षात येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून माझा कल तिकडे आहे.

टाकण्याविषयी म्हणाल, तर आपण आठवड्याला जाऊन बसू शकता तोवर त्याने तिथे रुळणे, हे आपल्या पश्चात एका रात्रीत त्याला अनोळखी दारात सोडले जाण्यापेक्षा कितीतरी बरे. आधी दोन दिवस, मग आठवडा, असे करा. सोबत एक वही द्या. तो ‘हो’ कसे सांगतो, दुखत असेल तर काय करतो, कुकरच्या शिट्टीने घाबरतो का, वरणभातावर तूप नसेल तर ताट सरकवतो का, हे सारे तिच्यात लिहा. ते केवळ आपल्यालाच ठाऊक आहे.

प्रश्न : माझी बौद्धिक दिव्यांग बहीण ज्या संस्थेत राहते, ती संस्था म्हणते की तिचे कायदेशीर पालकत्व संस्थेच्या नावे करावे. करावे का?
— एक भाऊ, रत्नागिरी

उत्तर : राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते आणि नोंदणीकृत संस्थेलाही त्यासाठी अर्ज करता येतो, त्यामुळे ही मागणी बेकायदेशीर नाही. तरीही, घरात जबाबदारी घेणारे कोणी असेल तोवर मी तसा सल्ला देणार नाही. सांभाळणारा आणि सांभाळ नीट होतो की नाही हे पाहणारा एकच असला, तर तक्रार करायला कोणी उरत नाही. आपण स्वतः अर्ज करा. पालकाला सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो, त्याची तयारी ठेवा. पालकाकडून छळ, दुर्लक्ष किंवा मालमत्तेचा गैरवापर झाल्यास नातेवाईकांना त्याला दूर करण्याची मागणी समितीकडे करता येते. आपल्या मागे हे काम कोण पाहील, त्या भाच्याला किंवा पुतणीला आतापासून बहिणीच्या भेटीला सोबत नेत जा.