आराखड्यातले बाण कमी कर

सप्रेम नमस्कार.

‘चढाई’ या एकाच कल्पनेतून शाळेचे सगळे विषय शिकवण्याचा तुझा आराखडा मिळाला. मधोमध ‘चढाई’ आणि तिच्यातून निघालेले नऊ बाण, प्रत्येकाच्या टोकाला एकेक विषय. दिसायला देखणा आहे, पण त्यातले निम्मे बाण खोड असं मी म्हणेन. ‘एक गिर्यारोहक दिवसाला ३०० मीटर चढतो आणि रात्री ५० मीटर उतरतो’ या गणितातला गिर्यारोहक काढून तिथे विहिरीतली गोगलगाय बसवली तरी गणित तेच राहतं. मग चढाईने तिथे केलं काय? माझी कसोटी साधी आहे: चढाई बाजूला काढली की प्रश्नच उरत नाही, असे प्रश्न तेवढे ठेव. थोडेच उरतील. तेच पुरे आहेत.

सुरुवात शिखरापासून करू नकोस, दोरापासून कर. मुलांना विचार, पडणाऱ्या माणसाला धरायचं तर दोर अजिबात न ताणला जाणारा हवा, की ताणला जाणारा? बहुतेक जण ‘न ताणला जाणारा’ म्हणतील. म्हणू देत, लगेच दुरुस्त करू नकोस. वाळूच्या दोन सारख्या पुरचुंड्या कर. एक सुती दोरीला बांध, दुसरी तेवढ्याच लांबीच्या इलॅस्टिकला. वरच्या टोकाला, खिळा आणि दोरी यांच्यामध्ये, शिवणकामाच्या बारीक दोऱ्याचा छोटा तुकडा जोड. दोन्ही पुरचुंड्या एकाच उंचीवरून सोड. वजन नीट जुळलं असेल तर सुती दोरीकडचा दोरा तटकन तुटतो आणि इलॅस्टिककडचा टिकतो. जुळवाजुळव आदल्या दिवशी स्वतः करून ठेव, वर्गात पहिल्यांदा करू नकोस.

आता मुलांना सांगता येतं की थांबायला जितका जास्त वेळ मिळतो तितका हिसका कमी बसतो. चढाईचा दोर मुद्दाम ताणला जाईल असाच बनवतात: आत नायलॉनच्या तंतूंचा गाभा, वर विणलेलं आवरण. सामान ओढायला किंवा दोरावरून उतरायला वापरतात तो कमी ताणला जाणारा दोर वेगळा असतो. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, पण अदलाबदल झाली तर जिवावर बेतू शकते.

इथून गुणोत्तर आपोआप समोर येतं. आधार म्हणजे खडकातली ज्या कडीतून दोर ओवलेला असतो ती. चढणारा शेवटच्या आधाराच्या २ मीटर वर असताना सुटला तर किती पडेल? ‘दोन’ असं उत्तर येईल. चित्र काढायला लाव. आधारापर्यंत २ आणि आधाराच्या खाली आणखी २, म्हणजे ४. मग फळ्यावर दोन प्रसंग लिही. पहिल्यात १० मीटर दोर सोडलेला आहे आणि चढणारा आधाराच्या २ मीटर वर आहे. दुसऱ्यात ४० मीटर दोर सोडलेला आहे आणि चढणारा आधाराच्या ४ मीटर वर. पहिला ४ मीटर पडतो, दुसरा ८. जास्त हिसका कुणाला? वर्ग दुसऱ्याकडे बोट दाखवेल. पण पडलेलं अंतर सोडलेल्या दोराच्या लांबीने भागून बघ: ४ भागिले १० म्हणजे ०.४, आणि ८ भागिले ४० म्हणजे ०.२. निम्मं अंतर पडूनही हिसका पहिल्यालाच जास्त, कारण लांब दोराला ताणला जायला जास्त वाव असतो. गिर्यारोहक या गुणोत्तराला फॉल फॅक्टर म्हणतात. खाली सोबती दोर धरून आहे अशा चढाईत तो २ च्या वर जात नाही. का, ते तू सांगू नकोस. एक तासभर जाऊ दे त्यात. गुणोत्तर म्हणजे नुसती वरखाली लिहिलेली दोन संख्यांची जोडी नाही, हे ज्याला इथे पटेल त्याला पुन्हा शिकवावं लागणार नाही.

विज्ञानात तू घोरपड, पाल, माकड, मुंगी असे सगळे चढणारे प्राणी घेतले आहेस. यादी पाठ होईल, कळणार काहीच नाही. त्याऐवजी एकच वेल घे. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्याने तणाव्यांचा, म्हणजे वेल ज्या बारीक तंतूंनी आधार पकडते त्यांचा, बारकाईने विचार केला आहे. तणाव्याचं टोक आधाराला बिलगलं की मधला भाग वेटोळी घेतो. गंमत अशी की वेटोळी अर्ध्या भागात एका दिशेने आणि उरलेल्या अर्ध्या भागात उलट दिशेने पडतात, मध्ये छोटा सरळ तुकडा राहतो. दोन्ही टोकं अडकलेली असल्यामुळे एकाच दिशेने पीळ पडायला जागाच नसते. सजावटीची रिबीन कात्रीच्या पात्यावरून ओढून कुरळी करायची, दोन्ही टोकं धरून ताणायची आणि हळूहळू सैल सोडायची. तोच उलटा पीळ मुलांच्या हातात दिसतो. आणि ही वेटोळी वेलीला कशाला हवीत? वाऱ्याचा झोत आला की ताणली जायला. दोराचा धडा ज्यांनी केलाय ती मुलं हे तुझ्याआधी बोलतील.

इतिहासात पहिली चढाई कुणी केली, कोणत्या सालात, हे तक्ते नकोत. दोनच गोष्टी घे.

एक, १८६५ चीच: आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर. १४ जुलैला सात जण माथ्यावर पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. तुटलेला दोर सोबतच्या दोरांपैकी कमजोर होता. दोर कापला असा संशय उठला, चौकशी झाली, दोषी कुणी ठरलं नाही. मुलांना विचार: दोर तुटला की कापला, हे कशावरून ठरवाल? कोणाची साक्ष धराल, आणि त्या साक्षीदाराला काही लपवायचं कारण असेल का? त्या काळी नायलॉन नव्हतं, हेही त्यांना आठवू दे.

दुसरी, १६४८ ची. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए हवेचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढला. वर पारा काही सेंटिमीटर खाली उतरला. पण मला भावतं ते वेगळंच. पायथ्याशी त्याने तशीच दुसरी नळी ठेवली होती आणि एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तिच्यातला पारा जागचा हलला नाही. ती नळी नसती तर ‘हवाच बदलली असेल’ म्हणून कुणीही प्रयोग उडवून लावला असता. प्रयोगात तुलनेला काहीतरी का ठेवायचं, हे याहून सोपं मला कुठे सापडलेलं नाही.

भाषेच्या तासाला ‘मी शिखर झालो तर’ हा निबंध कृपा करून देऊ नकोस. ‘यशाचं शिखर’, ‘जिद्दीचा दोर’ असलं काही भिंतीवरही नको. त्याऐवजी आठच्या आकाराची गाठ कशी मारायची ते चित्राशिवाय लिहायला सांग. दुसऱ्या मुलाने ते वाचून, शब्दशः तसंच करून गाठ मारायची. ‘मग ते तिथून घ्यायचं’ मधलं ‘ते’ कोण आणि ‘तिथून’ कुठून, हे गाठ सुटली की कळतं. तोंडी कामही याच वाटेने होईल. दृष्टिहीन खेळाडूंच्या चढाई स्पर्धांमध्ये खाली उभा असलेला साथीदार पुढची पकड कुठे आहे ते ओरडून सांगतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मित्राला सपाट जमिनीवर खडूने काढलेल्या पकडींवरून न्यायचं, हा खेळ पुरेसा अवघड आहे.

नागरिकशास्त्रासाठी एकच चर्चा ठेव, चढता येतं म्हणून चढावंच का? १९५५ मध्ये कांचनजंगावर पहिल्यांदा पोहोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड स्थानिकांच्या श्रद्धेचा मान राखून अगदी माथ्याच्या थोडं खाली थांबले. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या स्थानिकांना पवित्र असलेल्या प्रचंड खडकावर २०१९ पासून चढाई बंद आहे. मत मुलांचं असू दे, आपलं सांगू नकोस.

चित्रकला, संगीत आणि उरलेले बाण सरळ खोड.

मुलांना प्रत्यक्ष चढाईच्या भिंतीवर न्यायचं असेल तर प्रशिक्षक त्या कामातलाच हवा, तू किंवा मी नव्हे. आडवी चढाई घे, पाय जमिनीपासून फारसे वर जाणार नाहीत अशी. घाबरलेल्या मुलाला ‘जमेल तुला, चल’ म्हणून टाळ्या वाजवणारा वर्ग मला आवडत नाही. त्यात त्याला नाही म्हणायला जागा राहत नाही. ज्याला चढायचं नाही त्याला दुसरं काम दे. घड्याळावर वेळ मोजणं, पकडींचा नकाशा काढणं ही कामं खरी आहेत, समजूत काढायला दिलेली नाहीत. तशीच ती वाटून दे.

गुणांचं विचारलं होतंस. कोण किती वर गेलं याला शून्य गुण. प्रत्येक गटाने फॉल फॅक्टरचं असं उदाहरण रचावं की कमी पडणाऱ्याला जास्त हिसका बसेल, आणि ते शेजारच्या गटाने सोडवावं. रचणाऱ्याला जास्त गुण दे, सोडवणाऱ्याला कमी.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा विषयांची नावं नकोत. कोणत्या दिवशी मुलांच्या हातात काय असेल, तेवढं लिही. आणि शिवणाच्या दोऱ्याचे दोन-तीन प्रकार आणून पुरचुंडीचं वजन जुळवून बघ. कोणता किती वजनाला तुटला तेही कळव, मला हवंच आहे.

तुझी,
ताई