कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल, फिश ऑइल की रेड यीस्ट राइस?
तुमचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 160 आलंय, गोळी सुरू करायची नाहीये, म्हणून इसबगोल, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल आणि रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ) यांतलं काय घ्यावं असं तुम्ही विचारलंय. मी मालवणचा. चार वर्षांपूर्वी माझं एलडीएल 158 होतं, आणि यातल्या दोन गोष्टी मी स्वतः घेतल्यात.

फिश ऑइल मला दुकानदाराने कोलेस्टेरॉलसाठी म्हणूनच दिलं. सहा महिन्यांत एलडीएल जागचं हललं नाही. ते कमी करतं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, आणि तेही रोज 2 ते 4 ग्रॅम ईपीए-डीएचए ही त्यातली ओमेगा-3 मेदाम्लं पोटात गेली तर. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा, 1000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ही दोन्ही मिळून 300च्या आसपासच असतात. त्यापेक्षा बांगडा, तारली खा. तळून नको, तिरफळं घालून तिखलं करा.

इसबगोलाने मला फरक पडला. रोज 10 ग्रॅम, तीन महिन्यांत 158 वरून 146. भुशी पाण्यात टाकली की बघता बघता खळीसारखी घट्ट होते. हाच बुळबुळीत गोळा आतड्यातली पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ढवळून लगेच प्या, वर आणखी पेलाभर पाणी घ्या, नाहीतर घशात अडकतं. बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवा.

रेड यीस्ट राइसचं कळकळीने सांगतो, घेऊ नका. त्यातलं मोनाकोलिन के म्हणजे लोवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलच्या गोळीतलं औषधच, रेणू तोच. तुम्ही टाळताय त्याच जातीचं औषध, फक्त किती जातंय ते कळत नाही. काही मालात सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही सापडलंय.

लसणाचं म्हणाल, तर 2022 साली अमेरिकेत लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस यांची 5 मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीशी आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीशी 28 दिवस तुलना झाली. रोसुवास्टॅटिनने एलडीएल जवळपास 38 टक्के उतरलं. बाकीच्या सहांपैकी कशानेही ते खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय उतरलं नाही.

माझ्या वडिलांना 54व्या वर्षी अटॅक आला होता. ते ऐकल्यावर डॉक्टर 146 वर थांबले नाहीत, गोळी सुरू केली. आता 84 आहे, इसबगोलही चालू आहे. तुमच्या घरात कमी वयात कुणाला असं झालं असेल, तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.