रेडर बहिर्मुखच असतो का?

नागपूर

प्रिय बेटा,

तुझा संशोधनाचा प्रस्ताव दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कबड्डीतले रेडर बहिर्मुख आणि कॉर्नरचे खेळाडू अंतर्मुख असतात, हे तुला कॅटेलच्या स्वभाव मोजणाऱ्या सोळा घटकांच्या चाचणीनं दाखवायचं आहे आणि पुढच्या हंगामात त्यावर संघनिवड व्हावी असं तुझं म्हणणं आहे. पहिलं करून बघ, माझी हरकत नाही. दुसऱ्यावर मी काट मारली आहे. राग आला असेल तर आधी चहा पी, मग पुढं वाच.

कॅटेलची ती चाचणी १९४९ ची. ती खेळाडूंसाठी बनलेलीच नव्हती. पण साठ-सत्तरच्या दशकांत खेळाडू दिसला की प्रश्नावली हातात टेकवायची, असं चाललं होतं आणि निष्कर्ष आले ते एकमेकांना छेद देणारे. क्रीडा मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी १९८० मध्ये या भांडणात दोन गट दाखवले. एक भाबड्यांचा: स्वभाव मोजला की यश सांगता येतं म्हणणारा. दुसरा संशयी लोकांचा, ज्यांना त्यात काहीच राम दिसत नाही. मॉर्गन स्वतः मध्ये उभे होते. तू सध्या पहिल्या गटात आहेस. मीही तिथूनच आले, म्हणून लगेच ओळखलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं माझं. एका संघाचे प्रशिक्षक म्हणाले, पोरांची चिंता मोजून द्या. मी मार्टेन्स यांची स्पर्धा-चिंतेची चाचणी घेतली. १९७७ ची आहे, छोटीशी. पंधरा विधानं, त्यातली पाच नुसती जागा भरायला, गुणांत न धरायची. गुण १० ते ३० मध्ये, जास्त गुण म्हणजे जास्त चिंता. मैदानाच्या कडेला सतरंजीवर पोरं बसवली, कागद वाटले. प्रशिक्षक गळ्यात शिटी अडकवून मागे उभे. सगळ्यांचे आकडे कसे छान खाली आले! एकाचा तेवढा सव्वीस. आठवड्याभरात तो संघाबाहेर होता. खरं लिहिणारा तो एकटाच होता, हे मला फार उशिरा कळलं. आणि ते गुण प्रशिक्षकांच्या हातात मीच दिले होते.

मार्टेन्स यांच्या त्या कागदाच्या माथ्यावर 'चिंता' हा शब्द नसतो, साधं स्पर्धेविषयीची प्रश्नावली असं नाव असतं. उगाच नाही. आयसेंक यांच्या स्वभावाच्या चाचणीत तर खोटेपणा पकडायला वेगळी विधानं पेरलेली असतात. पण तीही किती पुरणार? निवड डोक्यावर असेल तर बारावीचं पोरगंही ओळखतं, कुठं खूण केली की आपण वाघ दिसू.

आता भाषांतर. तू 'नर्व्हस'साठी 'घाबरतो' लिहिलंस. मागे मी रेशीमबागेत एका पोराला हेच विचारलं. त्यानं 'कधीच नाही'वर खूण केली आणि कागद परत देताना म्हणाला, "घाबरत नाई मॅडम, पण पोटात गोळा येते न." म्हणजे होतं सगळं तेच, फक्त 'घाबरणं' हा शब्द त्याच्या इज्जतीचा होता. शिवाय पोटातला गोळा ही अंगातली चिंता आणि 'आपण हरलो तर' ही डोक्यातली. आपल्या विषयात त्या दोन वेगळ्या मोजतात. तुझ्या एका शब्दानं दोन्ही हुकल्या. मराठी कागद इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घे. आणि त्याआधी पाच-सात पोरांसमोर मोठ्यानं वाच. ती कुठं हसतात, कुठं 'म्हंजे काय' विचारतात, ते लिहून ठेव. त्या नोंदी मला तुझ्या सांख्यिकीच्या तक्त्यांपेक्षा आधी हव्यात.

रेडरचं म्हणशील तर एक सांग, त्याला रेडर कुणी केलं? बहुतेकदा उंची आणि लांब पाय पाहून प्रशिक्षकांनीच. मग तीन वर्षं लोक त्याच्या नावानं ओरडले, तो मोकळा झाला, बोलका झाला. तू आज मोजशील आणि म्हणशील, बघा, बहिर्मुख म्हणून रेडर. उलटंही असू शकतं ना? आणि दोन रेड कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. त्या तिसऱ्या रेडला शांत पोरगंही कॉर्नरच्या अंगावर जातं. ते धाडस स्वभावाचं की नियमाचं, हे तुझा कागद सांगणार नाही.

मनःस्थितीची चाचणी जोडायचा तुझा विचार मात्र आवडला. उत्साह वर, आणि ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ खाली, असा तो मॉर्गन यांचा हिमनग, आलेखात एकच टोक पाण्यावर दिसावं तसा. फक्त त्यानं जिंकणारे ओळखू नकोस. १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात यशातल्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडला नव्हता. त्याचा उपयोग एकाच खेळाडूची आजची ओळ त्याच्याच मागच्या ओळींशी लावायला. क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हानिनही तेच सांगतात: कुणी थोडं धास्तावलेलं असताना उत्तम खेळतं, कुणी थंड डोक्यानं, ज्याचा पट्टा त्याचा. आणि मे महिन्यात मोजू नकोस, बाप्पा! पंचेचाळीस अंशांत थकव्याचा आकडा सगळ्यांचाच चढतो. तो सरावाचा की उन्हाचा, कसं ओळखशील?

बाकी किरकोळ. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही घे, कागदावर नावाऐवजी क्रमांक टाक. गुण प्रशिक्षकांना मिळणार नाहीत, हे पोरांना प्रशिक्षकांसमोरच सांग. प्रशिक्षक नाही म्हणाले तर तो संघ सोड, दुसरा शोधू.

शनिवारी सकाळी मानकापूरच्या संकुलात ये, साडेसहाला. मराठी कागदाच्या दहा प्रती आण आणि पेन्सिली तूच आण, पोरांकडं नसतात.

तुझी,
मॅडम